सिगारेट, झोप, मन आणि मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. कर्करोगाबद्दल आता फारसं कुणी विचारत नाही. पाकिटावरचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लोक विचारतात ते झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल, "डोकंच चालत नाही" याबद्दल. सोडलेली सिगारेट तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत हातात येते तीही बहुतेक वेळा याच कारणांनी. म्हणून हे प्रश्न, समोरची माणसं जशी विचारतात जवळजवळ त्याच शब्दांत.

सिगारेट ओढली की डोकं शांत होतं. हा अनुभव खोटा आहे का?

खोटा नाही. शांत वाटतं ते खरंच वाटतं. प्रश्न एवढाच, की त्याआधीची अशांतता आली कुठून?

झुरका घेतल्यावर निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला साधारण १० ते २० सेकंद लागतात. मेंदूच्या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी ठेवलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निकोटिन त्या जागा बळकावतं, डोपामिन हे सुखाची भावना देणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या रिसेप्टरची संख्याही वाढून बसलेली असते. ते रिकामे व्हायला लागले की बेचैनी सुरू होते: लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून राग येतो, हात खिशाकडे जातो. ही तलफ. पुढची सिगारेट ती तलफ मिटवते आणि आपण म्हणतो, "टेन्शन गेलं."

तुमच्याच ऑफिसातला न ओढणारा सहकारी आठवून पाहा. तो त्याच साहेबाची बोलणी खातो, त्याच गर्दीच्या लोकलने घरी जातो. त्यालाही ताण असतो, पण त्याला दर दीड-दोन तासांनी अशी विनाकारण घालमेल होत नाही. तुमच्या दिवसात दोन ताण आहेत: एक आयुष्याचा, दुसरा मागच्या सिगारेटचा. सिगारेट दुसरा ताण हलका करते. पहिला जिथल्या तिथे असतो, त्याला ती हातही लावत नाही.

ही नुसती माझी समजूत नाही. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सिगारेट सोडून किमान सहा आठवडे झालेल्या माणसांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०२ अभ्यास आणि १ लाख ६९ हजारांहून अधिक माणसं घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. दिशा तीच निघाली. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हे पटत नाही, कारण त्यांनी सोडल्यानंतरचे पहिले चार दिवसच अनुभवलेले असतात. सहावा आठवडा कसा असतो ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

झोपण्याआधी एक ओढल्याशिवाय मला झोपच येत नाही. मग ती झोपेला वाईट कशी?

निकोटिन झोप आणणारं नाही, जागं ठेवणारं द्रव्य आहे. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, शरीर सावध होतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन इथे ७८५ कृष्णवर्णीय प्रौढांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली गेली आणि दिवसाची डायरीही लिहून घेतली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. झोपण्याआधीच्या चार तासांत निकोटिन घेतलं असेल तर झोप जास्त तुटते. ज्यांना मुळातच निद्रानाश होता त्यांची झोप अशा रात्री सरासरी ४२ मिनिटांनी घटली. त्याच अभ्यासात संध्याकाळच्या कॉफीचा झोपेशी म्हणावा तसा संबंध दिसला नाही. निकोटिनचा मात्र ठळक दिसला.

मग तुम्हाला उलट का वाटतं? दोन कारणं. एक, जेवणानंतर तलफ चढलेली असते आणि तलफेत कुणालाच झोप लागत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती रात्रीची सिगारेट म्हणजे बाल्कनी किंवा गच्ची, अंधार, मोबाईल बाजूला, कुणी काही मागत नाही, दिवस संपला. ही दहा मिनिटं माणसाला लागतातच. ती तुमच्या हक्काची आहेत. सिगारेट त्या दहा मिनिटांत पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण झाली.

म्हणून मी लोकांना बाल्कनी सोडायला कधीच सांगत नाही. तिथेच जाऊन बसा, तेवढाच वेळ बसा. हातात कोमट पाणी घ्या, बडीशेप घ्या, काहीच घेऊ नका. ज्यांची अजून पूर्ण सोडायची तयारी नाही त्यांनी निदान दिवसाची शेवटची सिगारेट दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास अलीकडे ओढावी. जेवणाआधीपर्यंत आणता आली तर झोपेतला फरक स्वतःलाच कळतो.

रात्री दोन-तीनला जाग येते. उठून एक ओढली की परत झोप लागते. हे वयामुळे का?

वयामुळेही जाग येते. पण उठल्यावर पहिला विचार सिगारेटचा असेल तर ते वय नाही.

दिवसा तुम्ही दोन सिगारेटींमध्ये फार अंतर पडू देत नाही. रात्र हा चोवीस तासांतला सगळ्यात लांब खंड. झोपेत निकोटिन उतरत जातं आणि मध्यरात्र उलटली की मेंदू तलफेत असतो. झोप उथळ होते, स्वप्नं तुटतात, जाग येते. त्या वेळी ओढली की पुढच्या रात्री त्याच सुमाराला जाग येण्याची सवय पक्की होते.

माझे वडील विडी ओढायचे. लहानपणी रात्री मला आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा, मग काडेपेटीचा आवाज, मग दाराशी तो लाल ठिपका. आम्हाला वाटायचं, अण्णांना झोप कमी, कष्टाचा माणूस. त्यांचंही तेच मत होतं. त्यांच्या झोपेचं आणि विडीचं काही नातं असेल हे त्यांना त्यांच्या हयातीत कुणी सांगितलं नाही. हे काम मी का करतो असं कुणी विचारलं तर मला तो लाल ठिपका आठवतो.

एक साधी खूण: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिल्या सिगारेटपर्यंत किती वेळ जातो? फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत सर्वाधिक गुण असलेल्या दोन प्रश्नांपैकी हा एक आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबित्व खोल आहे. अशा माणसाने नुसत्या निर्धारावर विसंबू नये, औषधाची मदत घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

सात-आठ तास पडून असतो, तरी सकाळी अंग जड. असं का?

कारण किती वेळ पडून होता याइतकंच कसली झोप लागली हेही महत्त्वाचं आहे. झोपेत एक गाढ टप्पा असतो, ज्यात मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या होतात. शरीराची खरी डागडुजी तेव्हा होते. ओढणाऱ्यांमध्ये हा टप्पा आक्रसतो आणि उथळ झोप वाढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६,४०० जणांची झोप घरच्या घरी यंत्र लावून नोंदवली गेली होती. ओढणारे कधीच न ओढलेल्यांपेक्षा सरासरी १४ मिनिटं कमी झोपत होते आणि त्यांची झोप उथळ होती. सोडून दिलेल्यांची झोप मात्र कधीच न ओढलेल्यांसारखीच निघाली. मला हा त्यातला सगळ्यात आशेचा भाग वाटतो.

२००८ च्या आणखी एका छोट्या अभ्यासात ४० ओढणारे आणि ४० न ओढणारे घेतले होते. "झोपून उठलो तरी ताजं वाटत नाही" असं म्हणणारे ओढणाऱ्यांत २२.५ टक्के होते, न ओढणाऱ्यांत ५ टक्के. मेंदूच्या लहरींमधला फरक रात्रीच्या सुरुवातीला सर्वाधिक होता, म्हणजे शेवटच्या सिगारेटचं निकोटिन अजून रक्तात असताना.

घोरण्याचा काही संबंध?

आहे. धुराने घसा आणि नाकाचा मागचा भाग सुजलेला राहतो, वाट अरुंद होते. घोरताना श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो असं घरच्यांनी पाहिलं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तो वेगळा आजार आहे आणि सिगारेट सोडल्यावर तो आपोआप जाईल असं धरून चालू नका.

आम्ही सिगारेट ओढत नाही, विडी किंवा तंबाखू-चुना किंवा मशेरी. मग हे आम्हाला लागू नाही ना?

लागू आहे. निकोटिन तेच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, पण कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे २६.६ टक्के. म्हणजे आपला तंबाखू बहुतेक धुराविना, तोंडातला. तोंडातून निकोटिन सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. त्यामुळे सिगारेटसारखा झटका लागत नाही, पण दिवसभरात शरीरात जाणारं प्रमाण कमी नसतं. गालात गोळी ठेवून झोपणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा मेंदू रात्रभर निकोटिनखाली असतो.

मशेरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती लावणाऱ्या बायकांना ती व्यसन वाटतच नाही. दात घासायची पूड, एवढंच. पण "सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकं दुखतं" असं ज्या मावशी सांगतात, त्या तलफेचंच वर्णन करत असतात. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. इसबगोल, पाणी, पालेभाजी यांनी तो सुटतो. त्यासाठी परत मशेरीकडे वळू नका.

मी चाकणला तिसऱ्या पाळीत आहे. रात्री जागं राहायला सिगारेट लागतेच. काय करू?

तुमची अडचण खरी आहे. रात्रपाळीत पहाटे तीन-चारला शरीर झोप मागतं आणि यंत्रासमोर डुलकी परवडत नाही. निकोटिनने तेवढ्यापुरती तरतरी येते. पण सकाळी सहा-सातला सुटी होते, गेटबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर अजून दोन ओढल्या जातात आणि तुम्ही नऊला झोपायला जाता तेव्हा ते निकोटिन पूर्ण भरात असतं. आधीच दिवसाची झोप उजेडाने, रहदारीने, शेजारच्या मिक्सरने तुटलेली, त्यात ही भर. संध्याकाळी उठता तेव्हा झोप अपुरी, म्हणून रात्री पुन्हा सिगारेट.

हे चक्र गेटबाहेरच्या त्या दोन सिगारेटींपाशी तोडणं सगळ्यात सोपं. पाळी संपल्यावर जागं राहायचं कारणच उरत नाही. त्या दोन आधी सोडा, बाकीच्या नंतर. खोलीला जाड पडदा लावा, डोळ्यांवर रुमाल चालेल. पाळीत जेवणाच्या सुटीत पंधरा-वीस मिनिटांची डुलकी मिळत असेल तर ती घ्या. दोन सिगारेटींपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

उदास असतो म्हणून ओढतो, की ओढतो म्हणून उदास असतो?

दोन्ही. उदास माणूस सिगारेटकडे वळतो हे आपल्याला माहीत आहे. पण उलट दिशेचे पुरावेही आता भक्कम आहेत. माणसांच्या जनुकांवरून धूम्रपानाकडे असलेला त्यांचा कल ओळखून केलेल्या अभ्यासांतून दिसतं, की धूम्रपान स्वतःच नैराश्याची जोखीम वाढवतं.

धुरात निकोटिनखेरीजही मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. १९९६ मध्ये ब्रूकहेवन या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या संशोधकांना असं आढळलं, की ओढणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिनचं विघटन करणारं एक एन्झाइम सुमारे ४० टक्क्यांनी कमी असतं. नैराश्याच्या जुन्या औषधांचा एक गट याच जातीच्या एन्झाइमला रोखून काम करतो. म्हणजे काही माणसं नकळत धुरातून स्वतःवर उपचार करत असतात, तेही अतिशय वाईट औषधाने. म्हणूनच सोडल्यावर काहींना पहिले काही आठवडे खूप रितं वाटतं.

पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. आणि जगणं नको असे विचार मनात येत असतील तर सिगारेटचा विषय बाजूला ठेवून आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. अशात सोडणं धोक्याचं नाही का?

सोडणं धोक्याचं नाही, डॉक्टरांना न सांगता सोडणं धोक्याचं आहे. धुरातली काही द्रव्यं यकृतातल्या एका एन्झाइमला जोरात कामाला लावतात, त्यामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिनसारखी औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. डॉक्टरांनी डोस त्या हिशोबाने बसवलेला असतो. सिगारेट थांबली की काही दिवसांत ते एन्झाइम मंदावतं, आणि तोच डोस जास्त पडू लागतो: गुंगी, चक्कर, लाळ. डोस डॉक्टरच कमी करतील, तुम्ही स्वतः गोळी अर्धी करू नका. रुग्णालयात भरती झाल्यामुळे सिगारेट बंद झाली असेल तरी हेच लक्षात ठेवायचं.

सोडून पाच दिवस झाले. झोप सुधारायचं सोडून आणखीच बिघडली. परत सुरू करू का?

नको. तुम्ही सगळ्यात चढणीच्या टप्प्यावर आहात आणि तो जवळजवळ पार केला आहे.

शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला असतो आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, बेचैनी, भूक, लक्ष न लागणं आणि झोप तुटणं हे सगळं त्या यादीत आहे. बरेच जण नेमके तिसऱ्या रात्री हरतात, कारण त्यांना वाटतं, "सिगारेटशिवाय मी असाच राहणार." तुम्ही असे राहणार नाही. वाढलेले रिसेप्टर कमी व्हायला वेळ लागतो. मेंदूच्या चित्रणातून दिसलंय, की सहा ते बारा आठवड्यांत त्यांची संख्या न ओढणाऱ्यांइतकी येते.

तोवर रात्री झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी साधं वाचा, डोळे जड झाले की परत या. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. तलफेची एक लाट साधारण काही मिनिटांची असते. ती पाहत बसायची, तिच्याशी वाद घालायचा नाही.

सिगारेट सोडल्यापासून चहा प्यायलो की छातीत धडधडतं. आधी असं नव्हतं.

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण झोप बिघडण्यामागचं हे कारण जवळजवळ कुणालाच माहीत नसतं.

वर यकृतातल्या ज्या एन्झाइमचा उल्लेख केला, तेच कॅफिनही मोडतं. ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन भराभर बाहेर जातं, म्हणून तो दिवसाला सहा-सात कप चहा सहज पचवतो. सिगारेट थांबली की एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच चहातून रक्तात साचणारं कॅफिन सुमारे दुप्पट होऊ शकतं. शिवाय सोडल्यावर हाताला चाळा म्हणून आपण चहा वाढवतोच. मग धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग, जीव घाबरणं. हे सगळं आपण "सिगारेट सोडल्याचा त्रास" म्हणून खपवतो आणि त्यावर उपाय म्हणून सिगारेट पेटवतो.

यावरचा उपाय सरळ आहे. ज्या दिवशी सिगारेट बंद, त्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी. दुपारी दोननंतर शक्यतो नको. पूर्ण कप घेणाऱ्यांनी कटिंगवर यावं. आणि चहा घ्यायचाच तर टपरीवर नको, घरी किंवा कँटीनमध्ये घ्या. चहा आणि सिगारेट यांची गाठ आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की नुसत्या उकळत्या आल्याच्या वासाने तलफ उठते.

सोडून महिना झाला, पण स्वप्नात मी ओढतो आणि घाबरून जागा होतो. मन अजून तिकडेच आहे का?

असं फार जणांना होतं. स्वप्नात नकळत झुरका घेतला जातो, "अरे, हे काय केलं मी" असा धसका बसतो आणि जाग येते. जागं झाल्यावर ओढली नाही हे कळतं तेव्हा जो सुटकेचा श्वास टाकता, तोच तुमच्या मनाचा कौल आहे. अशा स्वप्नांना कमजोरीचं लक्षण समजू नका.

सिगारेटने मेंदू आक्रसतो असं ऐकलं. खरं आहे?

वय वाढतं तसा प्रत्येकाचा मेंदू थोडा आक्रसतो. धूम्रपानाने हे लवकर आणि जास्त होतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ३२,०९४ जणांच्या नोंदी तपासून लिहिलं, की ज्यांनी जास्त ओढली त्यांच्या मेंदूचं आकारमान कमी होतं, आणि घटनांचा क्रम पाहता आधी धूम्रपान आणि मग घट असाच तो लागतो. त्याआधी २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या, १९३६ साली जन्मलेल्या पाचशेच्या वर माणसांचा अभ्यास झाला होता. मेंदूचं बाहेरचं पटल ओढणाऱ्यांत पातळ होतं.

याला रक्तवाहिन्यांची बाजूही आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो, रक्तवाहिन्यांची आतली भिंत खराब होते, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. पक्षाघाताची जोखीम ओढणाऱ्याला न ओढणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट धरली जाते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये दिली, त्या दोन्हींत धूम्रपान आहे.

गेलेलं परत येतं का?

काही येतं, काही नाही, आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. रिसेप्टर आठवड्यांत पूर्ववत होतात. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. झोप सुधारते. मूड सुधारतो. पक्षाघाताची जोखीम काही वर्षांत बरीच उतरते. आक्रसलेला मेंदू मात्र पुन्हा भरून येत नाही असं सेंट लुईसच्या संशोधकांचं म्हणणं आहे. स्कॉटलंडच्या अभ्यासात सोडलेल्यांचं पटल काहीसं सावरलेलं दिसलं, पण त्याला पंचवीसेक वर्षं लागतात. साठीच्या माणसाला मी एवढंच सांगतो, की पुढची घसरण आज थांबवता येते आणि झोप तर याच महिन्यात सुधारू शकते.

मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात होस्टेलला. "दिवसाला दोन-तीनच" म्हणतो. काळजी करावी का?

हो, पण आरडाओरडा करू नका.

निर्णय घेणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात निकोटिनची सवय लवकर आणि खोल लागते. एक-दोन झुरक्यांतल्या निकोटिनने मेंदूतल्या, निकोटिन ज्यांना चिकटतं त्या रिसेप्टरपैकी निम्मे तीनेक तास व्यापले जातात, असं २००६ च्या एका चित्रण-अभ्यासात दिसलं. तेव्हा "दोन-तीनच" हा आकडा वाटतो तेवढा लहान नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी आहे, ती याच वयाच्या मुलांसाठी महत्त्वाची होती. प्रत्यक्षात सुटी सिगारेट सहज मिळते, याचा मला रोज राग येतो.

त्याला विचारा: झोप कशी आहे, परीक्षेच्या दिवसांत किती वाढते, एक आख्खा दिवस न ओढता गेला तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतः शोधलं तर तुमच्या दहा भाषणांपेक्षा ते जास्त काम करेल.

व्हेप चालेल का?

भारतात ई-सिगारेटची निर्मिती, विक्री आणि जाहिरात २०१९ पासून बंद आहे. आणि झोपेपुरतं बोलायचं तर त्यातही निकोटिनच असतं.

निकोटिनचा गम किंवा पट्टी घेतली तर झोप बिघडणार नाही का?

थोडी बिघडू शकते, पण त्यावर तोड आहे. पट्टी चोवीस तास ठेवली तर काहींना फार ठळक, विचित्र स्वप्नं पडतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती झोपताना काढून ठेवता येते. गम झोपेच्या तोंडावर चघळू नका. आणि गम हा चुइंगमसारखा सतत चावायचा नसतो: चारदोनदा सावकाश चावा, तिखट चुणचुण लागली की गालात दाबून ठेवा, चव गेली की परत. चहा-कॉफी किंवा लिंबू सरबतानंतर लगेच घेतला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्या. चुकीच्या पद्धतीने चघळून उचकी लागली, मळमळलं आणि "मला सोसत नाही" म्हणून सोडला, असं किती तरी जण सांगतात. गम-पट्टीसारखे निकोटिन-पर्यायी उपचार भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत, हे औषधच आहे.

व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपियॉन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. ब्युप्रोपियॉनने झोप उडू शकते, म्हणून दुसरा डोस रात्री उशिरा घेत नाहीत. व्हॅरेनिक्लीनने मळमळ आणि स्वप्नं होतात. ही औषधं मन बिघडवतात अशी एकेकाळी मोठी भीती होती. २०१६ मध्ये आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत, ज्यातल्या निम्म्यांना मानसिक आजाराचा इतिहास होता, तसा ठळक धोका आढळला नाही.

नवऱ्याने सोडलीय, पण घरात त्याच्याशी बोलायची सोय नाही. मी काय करू, ताई म्हणतात दुर्लक्ष कर.

ताईंचं अर्धं बरोबर आहे. पहिल्या दोन आठवड्यांतला राग तुमच्यावरचा नसतो, त्याला मनावर घेऊ नका. पण शिवीगाळ किंवा हात उचलणं हे तलफेच्या नावावर माफ होत नाही, तिथे मदत मागा.

बाकी वेळी मोजदाद करू नका. "आज ओढली नाहीस ना?" हा प्रश्न दिवसातून चारदा ऐकणाऱ्याला चारदा सिगारेट आठवते. त्याला नीट झोपू द्या, जेवणाची वेळ सांभाळा. जेवणानंतर त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चक्कर मारा, टपरी नसलेल्या रस्त्याने. आणि घरात दुसरं कुणी ओढत असेल, मोठा दीर किंवा सासरे, तर त्यांना महिनाभर त्याच्यासमोर न ओढण्याची विनंती घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाकरवी करा.

तीन महिन्यांनी लग्नात एक ओढली. सगळं गेलं का?

तीन महिन्यांत झोपेने आणि मेंदूने जे कमावलं ते एका सिगारेटने पुसलं जात नाही. धोका दुसऱ्या दिवशीच्या सिगारेटमध्ये आहे, "आता गेलंच आहे तर" म्हणून ओढलेल्या. पाकीट विकत घेतलं असेल तर उरलेलं आजच पाण्यात बुडवून टाका. बहुतेक माणसं अनेक प्रयत्नांनंतरच कायमची सुटतात.

मदतीला कुठे फोन करायचा?

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत. समुपदेशक बोलतात आणि पुढच्या आठवड्यांत परत फोन करून विचारपूसही करतात. पहिल्या फोनवर बोलायला सुचत नाही असं बरेच जण म्हणतात. "मला रात्री झोप लागत नाही" एवढंच सांगितलं तरी पुढचं ते विचारून घेतील.